पायऱ्यांचा खर्च कोणाच्या माथी?

(शहागंज येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राचा एक सिद्धांत शहागंजच्या बाजारात हातगाडी लावणाऱ्या माणसाला पुस्तक न उघडता ठाऊक असतो. दुकानदाराने धान्याचे पोते घरपोच दिले नाही, म्हणून हमालीचा खर्च वाचला असे होत नाही. तो खर्च दुकानदाराच्या वहीतून निघून गिऱ्हाइकाच्या पाठीवर जातो. वहीत त्याची नोंद राहत नाही, इतकाच काय तो फरक. अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिचा सारा घोटाळा या एका गोष्टीच्या विस्मरणातून निर्माण झाला आहे. शाळेने उतार बांधला नाही, लेखनिक दिला नाही, मोठ्या अक्षरांतील पुस्तक दिले नाही, तर सार्वजनिक पैसा वाचला असे समजले जाते. वस्तुतः एक पैसाही वाचलेला नसतो. तो खर्च मुलाच्या आईने आपल्या मजुरीतून, बापाने आपल्या कर्जातून आणि मुलाने आपल्या आयुष्यातून भरलेला असतो. आजच्या व्याख्यानाचा विषय अपंग विद्यार्थ्यांना शाळेत मिळावयाच्या सोयी आणि त्यांचे कायदेशीर हक्क हा आहे. परंतु त्याचे खरे शीर्षक 'हा खर्च कोणाच्या माथी?' असेच असावयास हवे.

प्रथम या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात घेऊ. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लक्ष, आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लक्ष ६३ हजार भरली. त्या गणनेत अपंगत्वाचे आठच प्रकार नोंदले होते. २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या प्रकारांची संख्या एकवीस आहे. म्हणजे २०११ चा आकडा हा तळाचा आकडा समजावा. पुढची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही, त्यामुळे नियोजनकर्त्यांच्या हाती तोच जुना आकडा राहिला. त्याच जनगणनेनुसार ५ ते १९ या वयोगटातील अपंग मुलांपैकी ६१ टक्के मुले शिक्षणसंस्थेत जात होती, १२ टक्के पूर्वी जात होती आणि २७ टक्के मुलांनी शाळेचा उंबरठा कधीच ओलांडला नव्हता. शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला असताना चारातील एकाहून अधिक मूल शाळेबाहेर होते. या मुलांच्या नावे शासनाने काही खर्च केला नाही, म्हणून त्यांच्यावर खर्चच झाला नाही असे कोण म्हणेल?

हा प्रश्न आपल्याकडे प्रथम दयेच्या रूपाने आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत मूकबधिरांसाठी शाळा निघाली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनने अंध मुलांसाठी काढलेली शाळा पुढे दादरच्या कमला मेहता अंधशाळेच्या रूपाने नावारूपाला आली. पुण्यात १९३४ साली अंधशाळा सुरू झाली. या संस्थांचे ऋण मोठे आहे, आणि ज्या काळात शासन या मुलांकडे पाहतही नव्हते त्या काळात त्यांनी केलेले काम कोणी कमी लेखू नये. परंतु दयेचा एक स्वभावधर्म असतो. दाता देईल तेव्हा, देईल तितके आणि देईल त्यालाच ते मिळते. दयेवर दावा सांगता येत नाही. म्हणूनच या शाळा मुंबई-पुण्यात, देणगीदार जेथे होते तेथे उभ्या राहिल्या. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या मराठवाड्यातील अंध मुलाला त्यांचा उपयोग नव्हता.

स्वातंत्र्यानंतर घटनेने या प्रश्नाला स्थान दिले, पण एका अटीसह. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला आहे. मात्र राज्याने तो आपल्या आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत सुनिश्चित करावा असे म्हटले आहे. 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' हे शब्द दिसावयास निरुपद्रवी आहेत. नव्या, गरीब प्रजासत्ताकाला ते शोभणारेही होते. पण पुढील अर्धशतकात त्या शब्दांनी काय केले ते पाहा. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने अपंग मुलांना शक्य तेथे सर्वसामान्य शाळेतच शिकवावे अशी शिफारस केली. १९७४ मध्ये अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजना आली. योजना म्हणजे तरतूद असेल तोवर चालणारी गोष्ट. तिच्या नावे पालकाला न्यायालयात जाता येत नव्हते.

पहिला खरा कायदा आला तो १९९५ साली, आणि तोही आपोआप आला नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात संसदेचे अधिवेशन संपत आलेले असताना जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीत रस्त्यावर उतरले, तेव्हा विधेयक संमत झाले. त्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. पण रस्ते, वाहने आणि सार्वजनिक इमारती यांतील अडथळे दूर करण्याच्या कलमांत पुन्हा तेच शब्द येऊन बसले: आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत. एका हाताने शाळेचे दार उघडावे आणि दुसऱ्या हाताने दाराशी पायऱ्या ठेवाव्यात, असा तो प्रकार होता. मोफत शिक्षण पहिल्या मजल्यावर आणि मूल तळमजल्यावर.

२००६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने त्याला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्या कराराला अनुसरून डिसेंबर २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. कार्यकर्त्यांनी या कायद्याची काही कलमे तोंडपाठ करावीत अशी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे कायद्याने 'वाजवी सोय' ही कल्पना आणली. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत म्हणून परिस्थितीत केलेला आवश्यक व योग्य बदल, म्हणजे वाजवी सोय. आणि अशी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. याचे मर्म लक्षात घ्यावे. पूर्वी मुख्याध्यापकांनी मुलाला हाकलून दिले तरच भेदभाव झाला असे मानले जाई. आता मुलाला प्रवेश देऊन, त्याचा वर्ग जिन्यावरच ठेवून, 'आम्ही काही त्याला येऊ नको म्हटले नाही' असे सांगणाऱ्याकडूनही भेदभाव झाला असे कायदा म्हणतो.

दुसरी गोष्ट, कलम १६ शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या सर्व शिक्षणसंस्थांना लागू आहे. विनाअनुदानित शाळा मान्यतेची पाटी दाराशी लावते, त्या क्षणी हे बंधनही लागू होते. प्रवेशात भेदभाव न करणे, इमारत व परिसर वापरण्याजोगा करणे, प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय पुरवणे, अंध व बधिर मुलांना योग्य भाषेत व माध्यमातून शिकवणे, अध्ययन अक्षमता लवकर ओळखणे, आणि जाण्यायेण्याची सोय पाहणे ही कर्तव्ये त्यात आहेत. कलम १७ अन्वये दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करावयाची आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने मोफत द्यावयाची आहेत, आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक व दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांसारखे बदल करावयाचे आहेत. कलम ३१ अन्वये अशा मुलांना ६ ते १८ या वयात शेजारच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' हे शब्द नव्या कायद्यात सामाजिक सुरक्षा व पुनर्वसन यांच्या कलमांत अजूनही आहेत. परंतु शिक्षणाच्या कलमांतून ते गैरहजर आहेत. वाजवी सोयीच्या व्याख्येत एवढेच म्हटले आहे की, ती पुरवणाऱ्यावर प्रमाणाबाहेर वा अवाजवी बोजा पडू नये. म्हणजे 'पैसे नाहीत' एवढे सांगून आता भागत नाही. बोजा अवाजवी कसा, हे शाळेने दाखवून द्यावे लागेल.

येथे शाळाचालकांचा युक्तिवाद प्रामाणिकपणे विचारात घ्यावा. ते म्हणतात, एका मुलासाठी एवढा खर्च कसा परवडणार? हिशेबच करावयाचा तर तो दोन्ही बाजूंचा करावा. समजा, सहावीतील मुलाला दोन्ही पायांनी चालता येत नाही आणि वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. त्याची आई त्याला सकाळी उचलून वर नेते, लघुशंकेसाठी मधल्या सुट्टीत पुन्हा येते आणि शाळा सुटताना खाली आणते. घरकामाला किंवा बांधकामावर जाणाऱ्या बाईचा त्यात अर्धा दिवस मोडतो. अर्ध्या दिवसाची मजुरी दीडशे रुपये धरली, आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार उच्च प्राथमिक वर्गांचे किमान २२० कामाचे दिवस धरले, तर वर्षाला तेहतीस हजार रुपये होतात. सहावी ते आठवी या तीन वर्षांत नव्याण्णव हजार. हा खर्च शाळेच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण तो होतोच. आणि तो शाळेच्या संपूर्ण परिसरात ज्या व्यक्तीचे उत्पन्न सर्वांत कमी आहे, नेमक्या तिच्याकडून वसूल होतो. यापेक्षा अन्याय्य कर कोणत्या अर्थसंकल्पात सापडेल?

आता दुसरी बाजू. हा वर्ग तळमजल्यावर आणावयाचा झाल्यास शाळेला किती खर्च येईल? काहीच नाही, फळ्यावरचे वेळापत्रक बदलावे लागेल. कमी दिसणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवण्याचा, फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवण्याचा, ऐकू कमी येणाऱ्या मुलाशी बोलताना फळ्याकडे पाठ करून त्याच्याकडे तोंड ठेवण्याचा, हळू लिहिणाऱ्याला वीस मिनिटे अधिक देण्याचा खर्च किती? ज्या सोयींवर शाळा 'परवडत नाही' म्हणून अडून बसतात, त्यांपैकी कित्येकांना पैसा लागतच नाही, लक्ष लागते. ज्यांना पैसा लागतो, तो एकदा लागतो आणि पुढे पन्नास वर्षे कामी येतो. दाराशी प्रत्येकी पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर एकास बारा या मानाने सुमारे साडेपाच मीटर लांबीचा उतार लागतो. तो एका मुलासाठी बांधला तरी वृद्ध शिक्षिका, पाय मोडलेला खेळाडू, गरोदर पालक आणि पोषण आहाराची पोती वाहणारा मदतनीस हे सारे त्यावरून जातात.

मात्र उतार एकास बाराच हवा, हे आवर्जून सांगावे लागते. तपासणीसाठी म्हणून दोन मीटरांत उभा केलेला घसरडा उतार अनेक शाळांच्या दाराशी दिसतो. माहितीच्या तक्त्यात 'उतार आहे काय?' या प्रश्नापुढे 'होय' अशी खूण होते. त्यावरून चाकाची खुर्ची वर जाते काय, हे तक्ता विचारीत नाही.

हक्क कागदावर असतो आणि तो वसूल करावा लागतो, हा अनुभव जगभरचा आहे. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील ५०४ व्या कलमाने सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला अपंग व्यक्तीशी भेदभाव करण्यास बंदी घातली. परंतु अंमलबजावणीचे नियम चार वर्षे निघालेच नाहीत. कारण तेच, खर्च. एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून अधिक अपंग स्त्रीपुरुष सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी इमारतीत जाऊन बसले आणि जवळजवळ चार आठवडे हलले नाहीत. त्यांच्यातील एक नेत्या ज्युडिथ ह्यूमन. पोलिओ झालेल्या या मुलीला पाचव्या वर्षी ब्रुकलिनच्या शाळेने 'तुझ्या चाकाच्या खुर्चीमुळे आगीचा धोका संभवतो' असे सांगून परत पाठवले होते. या सत्याग्रहींना रोज गरम जेवण आणून दिले ते कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने. कामगार संघटनांनीही मदत केली. २८ एप्रिल रोजी नियमांवर सही झाली. समाजवादी कार्यकर्त्याने यातून एक धडा घ्यावयाचा आहे. अपंगांचा लढा एकट्या अपंगांवर सोडला तर तो हरतो. कामगार आणि दलित चळवळ त्याच्या शेजारी उभी राहिली तर तो जिंकता येतो.

आपल्याकडे हे काम अद्याप मुख्यतः न्यायालयांनी केले आहे. २०१० मध्ये एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला की, लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांचे प्रमाणपत्रच हवे असे नाही. ज्याला लिहिताना खरोखर अडचण आहे त्याला वाजवी सोय मिळाली पाहिजे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, लेखनअक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हक्काचा एक तास जादा मिळाला नाही, तेव्हा न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला तो अन्याय दूर करावयास सांगितले. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातूनच आलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांहून अधिक आकडा आहे, केवळ एवढ्या कारणाने विद्यार्थ्याला वैद्यकीय शिक्षणाला अपात्र ठरवता येणार नाही. तो शिकू शकतो की नाही हे तपासावे लागेल. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना, इमारती व सेवा सुगम करण्याविषयीचे जे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे होते ते मूळ कायद्याशी विसंगत ठरवून, शासनाने तीन महिन्यांत बंधनकारक किमान निकष आखावेत असा आदेश दिला.

हे निर्णय स्वागतार्ह आहेत. पण ते कोणाचे आहेत हेही पाहिले पाहिजे. जो विद्यार्थी वैद्यकीय वा प्रशासकीय परीक्षेच्या दारापर्यंत पोचला, ज्याच्या मागे शिकलेले कुटुंब उभे राहिले, त्याचे ते निर्णय आहेत. जे मूल पहिलीच्या वर्गातही गेले नाही, त्याची याचिका कोणत्याही न्यायालयाच्या फलकावर लागत नाही. प्रांजल पाटील यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. उल्हासनगरच्या या दृष्टिहीन मुलीने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत यश मिळवले, तरी दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या सेवेने तिला घेतले नाही. २०१६ च्या परीक्षेत तिने १२४ वा क्रमांक मिळवला आणि ती भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाली. तिच्या जिद्दीची स्तुती करून भाषणे संपतात. पण दादरची अंधशाळा आणि त्यानंतर सेंट झेवियर्स महाविद्यालय, जेथे २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी खास साधनकेंद्र चालते, ही सामग्री तिच्या वाटेवर होती, हे सांगावयाचे राहून जाते. जिद्द सोयगावच्या मुलीतही असू शकते. तिच्या वाटेवर काय आहे?

येथे प्रश्न आपल्या दाराशी येतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये घेतला. देशाच्या मानाने तो पुढारलेला होता. परंतु अशी अक्षमता तपासून प्रमाणपत्र देणारी केंद्रे सुरुवातीच्या काळात प्रामुख्याने मुंबईत होती. हक्क राज्याचा आणि शिक्का मुंबईचा, अशी ती स्थिती. मुंबईत ज्या मुलाला 'याची अडचण वेगळी आहे' असे म्हटले गेले, त्याच मुलाला मराठवाड्यात 'ढ' म्हटले गेले आणि शेतावर पाठवले गेले. आजही कन्नड, वैजापूर वा सोयगावच्या पालकाला प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. प्रत्येक फेरी म्हणजे दोन माणसांचे बसभाडे आणि दोन माणसांची बुडालेली मजुरी. हक्काच्या दाराशीच भरावा लागणारा हा जकात-नाका आहे.

या प्रदेशाला एक शब्द परिचयाचा आहे: अनुशेष. १९८३ मध्ये नेमलेल्या आणि १९८४ मध्ये अहवाल देणाऱ्या दांडेकर समितीने विभागीय असमतोल मोजण्याची रीत घालून दिली. एखाद्या सेवेची राज्याची सरासरी काढावी, आपला जिल्हा तिच्याखाली किती आहे ते पाहावे, आणि ती तूट भरून काढण्याला किती खर्च येईल ते लिहावे. समितीच्या निष्कर्षांवर वाद झाले, पण रीत सर्वांनी स्वीकारली. कारण ती तक्रारीचे रूपांतर आकड्यात करीत होती. तीच रीत शाळेला लावता येते. येथे तर सरासरीचाही प्रश्न नाही, कायद्याने निकष ठरवून दिलेला आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात असे कलम ४५ सांगते. केंद्राचे नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतर ज्या शाळेच्या दाराशी पायऱ्याच आहेत, त्या शाळेच्या नावे अनुशेष मांडला पाहिजे: उतार किती, शौचालय किती, तळमजल्यावरील वर्ग किती, साधने किती आणि विशेष शिक्षक किती.

विशेष शिक्षकांचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहावा लागेल, कारण येथे आपल्यातीलच एक गट नाराज होण्याचा संभव आहे. शिक्षक म्हणतात, वर्ग आधीच भरलेला, त्यात जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे, आणि आता प्रत्येक मुलासाठी वेगळी सोय आम्ही कोठून करावयाची? ही तक्रार खोटी नाही. समावेशक शिक्षणाच्या नावाखाली साऱ्या मुलांना एका वर्गात बसवावयाचे आणि शिक्षकाला साहाय्य द्यावयाचे नाही, याचा अर्थ पुन्हा तोच: राज्याने आपला खर्च दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा अपंग मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये राज्यांनी ही पदे मंजूर करून भरती करावी असेही बजावले. महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षे कंत्राटी विशेष शिक्षकांच्या खांद्यावर चालले. ज्याची स्वतःची नोकरी दरवर्षी नूतनीकरणाला टांगलेली, त्याने मुलाच्या दहा वर्षांच्या शिक्षणाची आखणी करावी ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. म्हणून शिक्षक संघटना आणि पालक यांच्या मागण्या एका निवेदनात आल्या पाहिजेत. त्यांना परस्परांसमोर उभे करण्याने लाभ होतो तो फक्त तिजोरी राखणाऱ्यांचा.

विशेष शाळा की सर्वसामान्य शाळा, हा वादही अशाच रीतीने सोडवावा लागेल. बधिर मुलांच्या पालकांना खुणांची भाषा जाणणाऱ्या मुलांची सोबत हवी असते; ती चार भिंतींत कोंडणे नव्हे. कायद्याने ही निवड मुलाकडे ठेवली आहे. परंतु शेजारच्या शाळेत सोयच नाही म्हणून विशेष शाळेत, आणि विशेष शाळा दूर आहे म्हणून घरात, असा प्रवास ज्या मुलाचा होतो त्याने कसलीही निवड केलेली नसते. शहागंजसारख्या वस्तीत आणखी एक पदर आहे. घरात उर्दू बोलणाऱ्या बधिर वा दृष्टिहीन मुलाला मिळणारी साधने जर फक्त मराठी वा इंग्रजीत असतील, तर त्याच्यापुढे एका भिंतीऐवजी दोन भिंती उभ्या राहतात. योग्य भाषेत शिक्षण, हे कलम १६ चे शब्द त्याच्यासाठीही आहेत.

शब्दांविषयी थोडेसे. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, आणि पुढे कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही स्थापन केला. विभाग झाला हे चांगलेच झाले. परंतु अनेक अपंग कार्यकर्त्यांनी या नव्या शब्दाला विरोध केला, तो का हे समजून घ्यावे. ज्याच्या अंगात दिव्यत्व आहे त्याला उताराची काय गरज, असा अर्थ त्यातून नकळत निघतो. शब्द बदलण्यास तिजोरीतून काही जात नाही. सन्मान शब्दाने होत असेल तर तो अवश्य करावा, पण त्याची पावती म्हणून मुलाने आपला हक्क सोडून द्यावा असे कोणी सुचवू नये. 'सवलत' हाही असाच फसवा शब्द आहे. चश्मा लावणाऱ्या मुलाला कोणी सवलत घेतली असे म्हणत नाही. मग ज्याचा हात हळू चालतो त्याला मिळालेला वेळ ही सवलत कशी?

या शहराला समतेचा हा अर्थ नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे मिलिंद महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा केवळ प्रवेशाचे दार उघडून ते थांबले नाहीत. नागसेनवनात वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. कारण खेड्यातून आलेल्या, राहावयास जागा नसलेल्या मुलाला नुसते उघडे दार पुरत नाही हे त्यांना ठाऊक होते. वाजवी सोय या कायद्याच्या परिभाषेमागे हाच विचार आहे.

आता कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले काम मोजणीचे. प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील शाळांत जावे आणि टेपने उतार मोजावा, दाराची रुंदी मोजावी, शौचालयात खुर्ची वळते की नाही ते पाहावे, आणि घरोघर जाऊन शाळेत न जाणाऱ्या अपंग मुलांची नोंद करावी. दुसरे काम शाळा व्यवस्थापन समितीचे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. त्यांत अपंग मुलाची आई असावी आणि शाळेच्या विकास आराखड्यात तिच्या मुलाची सोय लिहिली जावी, असा आग्रह धरावा. तिसरे काम पैशाचे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची आहे. महापालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ती किती दाखवली आणि किती खर्ची पडली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. 'पैसा नाही' या उत्तराला हे चोख प्रत्युत्तर आहे. चौथे काम दाद मागण्याचे. अपंग मुलांचा प्रवेश आणि शाळेतील सोयी पाहण्यासाठी जिल्हा शिक्षण कार्यालयात एक अधिकारी नेमावा असे २०१७ च्या केंद्रीय नियमांत म्हटले आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव प्रत्येक शाळेच्या फलकावर लागले पाहिजे. तेथे दाद लागली नाही तर राज्याच्या आयुक्तांकडे जावे. साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. अर्ज तोंडी करू नये. लेखी करावा, पोच घ्यावी, आणि त्यात दयेची विनंती न करता कलमाचा क्रमांक लिहावा.

ही कामे लहान आहेत, त्यांतून मोर्चाचे छायाचित्र निघत नाही. परंतु ज्या आईचा अर्धा दिवस त्यामुळे परत मिळेल, तिला समाजवाद म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा प्रत्येक शाखेच्या वहीत निदान एका शाळेचा अनुशेष मांडलेला असावा आणि निदान एक मूल घराबाहेर पडून वर्गात बसलेले असावे, एवढा संकल्प करून आपण येथून उठू या.